धुराची कड

३ मार्च, सकाळी ऑफिसातून

आशीर्वाद. तो द्यायला कोर्टाची परवानगी लागत नसावी, म्हणून आधी देऊन टाकते.

तुला काय म्हणून हाक मारावी हा पहिला प्रश्न. सूनबाई म्हणावं तर कागदोपत्री तू आता माझी सून नाहीस. नुसतं नाव घ्यावं तर इतक्या वर्षांत कधी घेतलं नाही, जीभ वळत नाही. तेव्हा सूनबाईच म्हणते. आवडलं नाही तर कळव. कळवलंस तर निदान पत्राला उत्तर आलं एवढं समाधान मला मिळेल.

आमच्या चिरंजीवांची वकिली करायला लिहीत नाहीये. त्याला देवाने तोंड दिलंय, ते त्याने वेळेवर उघडलं नाही, त्याचं तो निस्तरेल. तो हल्ली इथे नसतोही. नोकरीसाठी लांब गेलाय, रविवारी फोन करतो आणि हवापाण्याची चौकशी करतो. दिवसभर हवापाणी बघून घरी आलेल्या बाईला हा मुलगा हवापाणी विचारतो, आता काय बोलणार! तू त्या घराशी बोलणं तोडलंस त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या घरात मीही होते, एवढंच वाईट वाटतं.

पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. विहीणबाई फोन उचलतात, ही त्यांची मेहेरबानी. मेल तुझा जुनाच आहे, तो तू बंद केला नाहीस, हे माझं नशीब. पोस्टाने पाठवलं असतं तर पत्राच्या आधी धूर पोहोचला असता.

तर मुद्दा धुराचाच आहे. तुमच्या दरीच्या पश्चिमेला, डोंगरांच्या दोन रांगा ओलांडून, जंगल पेटलंय. आग तुमच्यापासून लांब आहे, तिची भीती नाही. पण धुराला डोंगर आड येत नाही. काल दुपारपासून त्याचा एक पट्टा पूर्वेकडे सरकतोय. आज सकाळी ऊन तिरपं होतं तेव्हा उपग्रहाच्या चित्रात मला तो स्वच्छ दिसला, निळसर, मळकट, ढगांच्या पांढऱ्याहून वेगळा. माझ्या अंदाजाने उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्यावर येईल.

माझ्या नातीला, भिंगरीला, घराबाहेर सोडू नकोस. खिडक्यांच्या फटीत ओले कपडे घाल. तिचा दम्याचा पंप कपाटात न ठेवता तुझ्या खिशात ठेव. तुला हे सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे. तिचा पहिला दमा आपण दोघींनी मिळून काढला होता, मी पाठ चोळत होते आणि तू तिला आकडे मोजायला लावत होतीस. तरी लिहिते. सासूची जात, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

५ मार्च

उत्तर मिळालं. 'आकाश निळं आहे. भिंगरी बाहेर खेळते आहे. काळजी नसावी.' तीन वाक्यं. तीही तार केल्यासारखी. पण आली, म्हणून मी ती आमच्या तपासनिसाला वाचून दाखवली आणि पस्तावले.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगते, म्हणजे माझी फजिती तुला नीट कळेल. उपग्रह दर दहा मिनिटांनी एक चित्र पाठवतो. ती चित्रं एकामागून एक पळवली की धूर हलताना दिसतो. मग मी माऊस धरून त्याच्या कडेकडेने रेघ काढते. यंत्राला अजून ढग आणि धूर यांत नीट फरक करता येत नाही, म्हणून हे काम माणसाकडे उरलंय, नाहीतर मला केव्हाच घरी बसवलं असतं. हलका, मध्यम, दाट, असे तीन रंग भरायचे, खाली आपली आद्याक्षरं टाकायची. दुसऱ्याने तपासायचं आणि मग तो नकाशा सगळ्यांसाठी खुला होतो.

काल मी पट्ट्याची रेघ काढली तेव्हा ती तुमच्या दरीपर्यंत नेली आणि दरीवर मध्यम रंग भरला. तपासनिसाने बराच वेळ बघितलं. तसा तो अबोल, पण बोलला की टोचतो. म्हणाला, "बाई, ही रेघ डोळ्यांनी काढलीत की काळजीने?"

मी त्याला झापलं. मग चित्रं पुन्हा पळवली. धूर दरीवर होता, पण इतका विरळ की त्याला हलक्याच्या वरचा रंग द्यायला नको होता. शिवाय तो उंचावरून चालला होता, तुमच्या डोक्यावरून कितीतरी वरून. मला वरून नुसतं एवढंच कळतं की धूर आहे. तो छपराला टेकलाय की आभाळात तरंगतोय, ते वरून बघणाऱ्याला सांगता येत नाही. नवशिक्या पोरांना मी हाच धडा पहिल्या दिवशी देते. स्वतःच्या नातीवर वेळ आली तेव्हा मीच तो विसरले.

म्हणून एक विनंती. मला खालून सांगणारं कुणीतरी हवंय. तुझी रोपवाटिका उघड्यावर आहे, दिवसभर तुझी मान रोपांत आणि आभाळात. समोर काय दिसतं आणि काय दिसत नाही, एवढंच दिवसातून एकदा लिहीत जा. चार शब्दांत लिहिलंस तरी चालेल, तुझा हात आखडता आहे हे मला कळलंय. यात नातं नको, गोडवा नको. ऑफिसचं काम समज.

८ मार्च

तुझं परवाचं आणि कालचं मिळालं. तीन टेकड्यांची युक्ती तुझी की भिंगरीची? जवळची टाकीची टेकडी, तिच्यामागची टॉवरची, आणि सगळ्यांत मागे ती लांबलचक, जिला भिंगरी 'म्हशीची पाठ' म्हणते. म्हैस दिसली की हवा चांगली. म्हैस गेली आणि टॉवर राहिला की सावध. टॉवर गेला की दारं लावायची. माझ्या नोकरीत मी इतकं सोपं परिमाण ऐकलं नव्हतं. तपासनिसाला सांगितलं तर तो हसायच्या ऐवजी वहीत लिहून घ्यायला लागला. आता सकाळी ऑफिसात आल्या आल्या विचारतो, "म्हैस आहे का जागेवर?"

काल तू लिहिलंस, 'म्हैस आहे, पण सूर्य मावळताना तांबडा दिसला आणि वास काही आला नाही.' हे वाक्य सोन्याचं आहे. धूर वर आहे आणि खाली उतरलेला नाही, हे त्या एका ओळीत मला कळलं. मी तुमच्या दरीवर हलका रंग ठेवला आणि निवांत जेवले.

रात्री मला धूर दिसत नाही. अंधारात उपग्रहाला आगीचे गरम ठिपके तेवढे कळतात. म्हणून पहाटेच्या पहिल्या चित्राची आम्ही वाट बघतो, रात्रभरात पोरगं कुठे भटकून आलं ते बघावं तशी. हल्ली मी पहिलं चित्र आल्यावर आग बघायच्या आधी तुमची दरी बघते. हे कुणाला सांगू नकोस.

तू शेवटी लिहिलं आहेस, 'तुमची तब्येत?' त्याला उत्तर देते. गुडघे कुरकुरतात, दात शाबूत आहेत, जीभ तर तुला माहीतच आहे. तू विचारलंस म्हणून बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

११ मार्च, दुपार

तुझं आत्ता वाचलं. दोनदा वाचलं.

काल दिवसभर तुमच्याकडे ढग होते. दाट, पांढरे, कापसासारखे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ढगाखालचं मला काही दिसत नाही. मी नकाशावर त्या जागी काहीच काढलं नाही, कारण जे दिसत नाही ते काढायचं नाही हा आमचा नियम आहे. नियमाप्रमाणे वागले आणि खाली माझी नात धुरात गुदमरत होती. टाकीची टेकडीसुद्धा दिसेना, असं तू लिहितेस. तो जो रात्री थंड झालेला वारा दरीत उतरतो ना, त्याने धूर खाली ओढला आणि वर गरम हवेचं झाकण बसलं. त्या झाकणावर ढग. म्हणजे मी झाकण बघत बसले होते.

पंप दोनदा द्यावा लागला. डॉक्टरने वाफ दिली. सकाळी बोलायला लागली आणि पहिलं काय म्हणाली, तर म्हैस कुठे गेली. हे वाचलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. तपासनीस चहा आणून ठेवून गेला. मला फार भीती वाटली. डॉक्टर म्हणाले की असं पुन्हा झालं तर इथे ठेवू नका, हे तू शांतपणे लिहिलं आहेस. तू शांत लिहितेस तेव्हा तू किती घाबरली आहेस ते मला कळतं. आठ वर्षं एका घरात काढली आहेत आपण.

आणि शेवटची ओळ. 'थोडे दिवस तुमच्याकडे आलो तर चालेल का?'

अगं, चालेल का म्हणजे काय! घर रिकामं पडलंय. मागची खोली माझ्या अडगळीने भरली आहे, ती आजच काढते. तुझी ती उशी अजून आहे, चपटी, तुझ्याशिवाय कुणाला चालत नाही. चिरंजीव इथे नाहीत, येणारही नाहीत. आलेच तर मी त्यांना हॉटेलात उतरवीन, तू निर्धास्त ये. कुणी काही विचारणार नाही. मीही नाही विचारणार, आणि हे मला किती जड जाईल ते तू जाणतेसच.

चौदा तारखेची बस मिळते का बघ. मी आता ऑफिसातून सुटून भिंगरीसाठी पांघरूण घ्यायला जाते. तिला अजून पिवळाच रंग लागतो ना?

१३ मार्च, सकाळ

सूनबाई, येऊ नकोस.

पुढचं नीट वाच, मधेच रागावू नकोस.

काल संध्याकाळी वारा फिरला. आजच्या पहिल्या चित्रात तो पट्टा वाकलाय आणि त्याचं तोंड आमच्या शहराकडे झालंय. टोक अजून विरळ आहे, पण मागून दाट येतंय. उद्या तुम्ही बसमधून उतराल तेव्हा इथे तुमच्या दरीपेक्षा वाईट अवस्था असेल आणि ती बरेच दिवस टिकेल असा माझा अंदाज आहे. तुम्हाला आगीतून काढून फुफाट्यात आणल्यासारखं होईल.

आता जे झालं तेही सांगते, कारण मला ते पोटात ठेववत नाही. सकाळी त्या टोकाची कड काढताना माझा हात शहराच्या अलीकडेच थांबला. कडेला धूर इतका पातळ असतो की रेघ इथे काढली काय आणि चार बोटं पलीकडे काढली काय, कुणी भांडत नाही. मी ती अलीकडे काढली. आमचं शहर स्वच्छ राहिलं. तपासनिसाने बघितलं आणि 'ठीक' म्हणाला. त्याला ती खरंच ठीक वाटली. तो काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या खोलीत पिवळं पांघरूण घालून ठेवलं होतं मी. तू येणार, सकाळी उठून स्वयंपाकघरात खुडबुड करणार, मी पडल्या पडल्या ऐकणार, असं सगळं मनात मांडून झालं होतं. ती रेघ मी त्या खोलीसाठी काढली होती. हे कळलं तेव्हा लाज वाटली. मग ती पुसली, चित्रं पुन्हा पळवली आणि जिथे खरी कड होती तिथे काढली. ती शहराच्या पलीकडे जाते. आपलं घर त्या रेघेच्या आत आहे.

समुद्राकडे हवा चांगली आहे. पाण्यावरून वारा येतो, तो धुराला किनाऱ्याला फिरकू देत नाही, निदान पुढचे काही दिवस तरी नाही. म्हणजे तुझ्या आईकडे जा. तुला तिथे का जायचं नाही ते मला माहीत आहे. दार उघडताच ती म्हणेल, 'मी तेव्हाच सांगितलं होतं.' लग्नाच्या वेळी तिने खरंच सांगितलं होतं आणि ती खरी ठरली, यात तुझा काय दोष?

मी आत्ताच विहीणबाईंना फोन केला. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे त्यांनी मला चार वेळा ऐकवलं, पाचव्यांदा माझ्या मुलाच्या नावासकट. मी 'हो, तुमचं बरोबर होतं' म्हणत गेले. शेवटी त्या दमल्या आणि म्हणाल्या, "पोरीला पाठवा, मी खोली झाडून ठेवते." तेव्हा तुझ्या वाट्याचं मी ऐकून घेतलंय. आता त्यांच्याकडे फार शिल्लक नसावं.

१४ मार्च, सकाळी घाईत

सकाळच्या बसने निघू नकोस. सकाळी दरीवर झाकण असतं, धूर रस्त्यावर बसलेला असतो. ऊन चढलं की झाकण उघडतं, म्हणून दुपारची बस घे. घाटाचा रस्ता नको, तो धुराच्या पोटातून जातो. दक्षिणेकडच्या रस्त्याची गाडी वेळ खाते, पण हवा मोकळी आहे. मी आत्ता बघूनच लिहितेय.

बसमध्ये खिडकीजवळ तू बस, भिंगरीला आतल्या बाजूला घे. मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे, गळ्यात लटकवायला नव्हे. तिला म्हणावं, वाटेत तीन टेकड्या सोडून नव्या टेकड्या मोज.

मी आज घरी जात नाही. तुम्ही पोहोचेपर्यंत या खुर्चीतून उठणार नाही. मला बस दिसत नाही, काही उपयोग नाही, तरी उठणार नाही.

१६ मार्च

फोटो मिळाला. भिंगरी वाळूत बसली आहे आणि तिच्या मागे कुठलीच टेकडी नाही, म्हणून तिने विचारलं म्हणे, 'आता हवा कशी मोजायची?' तिला सांग, लांबची बोट दिसते का बघ. रात्री पंपाशिवाय झोपली हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. आणि तुझ्या आईने एकदाच म्हटलं? एकदाच? मला पाच वेळा ऐकवून तुला एकदाच? ठीक आहे, मुलीची आई आहे ती.

तू विचारतेस इथे कसं आहे. तसं ठीक आहे. धूर आहे, पण आमच्यासारख्या जुन्या खोडांना काय होतंय! रस्त्यावरचे दिवे दुपारीही चालू ठेवतात, एवढंच. समोरच्या इमारतीत कोण राहतं ते दिसत नाही, पण तसंही त्या लोकांशी माझं फारसं पटत नव्हतं. घसा थोडा बसलाय. बोलू नका म्हटल्यावर माझं कसं होत असेल ते तू समजू शकतेस.

काम जोरात चालू आहे. रोज सकाळी रेघ काढते आहे. तुमच्यावरचं आकाश मोकळं आहे, तेवढी एक जागा बघून डोळे निवतात. तुम्ही तिथेच राहा, माझी चिंता करू नका. भिंगरीला पाण्यात फार वेळ खेळू देऊ नकोस.

१९ मार्च, रात्री

मघाशी फोन ठेवला आणि तेव्हापासून नुसती बसून आहे. फोनवर मला नीट बोलता आलं नाही. थोडं खोकल्यामुळे आणि बरंचसं तुझ्यामुळे. म्हणून लिहिते.

तुझा आवाज मी फोनवर ओळखलाच नाही आधी. इतक्या महिन्यांनी. तू 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाहीस.

"आई, खोटं का लिहिलंत?"

"कुठे गं?"

"मी रोज तुमचा नकाशा उघडते. पंधरा तारखेपासून त्याखाली तुमची आद्याक्षरं नाहीत. दुसऱ्याच कुणाची आहेत."

तू रोज तो नकाशा बघत असशील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या नकाशाखालची दोन अक्षरं जगात कुणी बघत नाही, आमचे साहेबही बघत नाहीत. आणि तू ती शोधत होतीस. मी म्हटलं, घसा बसलाय म्हणून रजा घेतली. मग तू वकिलासारखं एकेक काढून घेतलंस. डॉक्टरकडे गेलात का? गेले. काय म्हणाले? छातीत घरघर आहे म्हणाले. धूर घरात येतो का? येतो. झोप लागते का? बसून लागते. एवढं झाल्यावर तू चिडलीस.

"आम्हाला रस्ता दाखवलात. ही बस नको, ती घ्या, दुपारी निघा, घाटातून जाऊ नका. जगाला हवा सांगता आणि स्वतः त्या धुरात बसलाय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

तू माझ्यावर एवढ्या मोठ्याने कधी ओरडली नव्हतीस. आठ वर्षांत नाही. ओरडायला हवं होतंस, मी तर सारखीच ओरडायचे.

मग मी मनात होतं ते बोलले. तिकडे मी कोण म्हणून येऊ? विहीणबाईंच्या घरी, ज्यांच्या मुलीचं माझ्या मुलाने काही बरं केलं नाही, तिथे मी कुठल्या तोंडाने पिशवी घेऊन उभी राहू? मागे भिंगरी कुणाला तरी अंधारामुळे बोट दिसत नसल्याचं सांगत होती. मग तू म्हणालीस,

"आजारी माणूस म्हणून या. नातं काय ते इथे आल्यावर बघू."

तेवढ्यात विहीणबाईंनी तुझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "तुमची खाट माझ्याच खोलीत टाकली आहे. घोरत असाल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, घोरते. त्या म्हणाल्या, "मीही. मग प्रश्न मिटला." आणि फोन बंद. बाई भारी आहेत. त्यांची आणि माझी ओळख इतकी वर्षं नुसती मानपानात वाया गेली.

तेव्हा उद्या दुपारच्या गाडीने निघते. तपासनीस मला स्टँडवर सोडायला येणार आहे. त्याने नकाशा बघून रस्ता ठरवून दिलाय, मी सांगितलेला त्याला पटला नाही. म्हणाला, "तुम्ही घाईची रेघ काढता." मी वाद घातला नाही, यावरून माझी तब्येत तुला कळावी. औषधं घेतली आहेत, मास्क आहे, पिवळं पांघरूण पिशवीत घातलंय.

एक राहिलं. मी येते ती नातीसाठी, असंच सगळ्यांना वाटणार. तुझ्या आईला वाटेल, चिरंजीवांना कळलं तर त्यांनाही वाटेल, आणि मीही तसंच सांगेन, कारण ते समजायला सोपं आहे. आजीला नातीची ओढ असतेच, त्यात कुणी काही विचारत नाही. भिंगरी माझा जीव आहे, ते आहेच. पण सूनबाई, तू गेलीस तेव्हा लोक माझ्याकडे मुलाच्या संसाराचं वाईट वाटून घ्यायला यायचे, नातीची आठवण काढायचे. माझं कोण गेलं, ते मला एकानेही विचारलं नाही. मी दार लावून जिच्यासाठी रडले ती तू होतीस. संध्याकाळी दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा, असं किती दिवस झालं. मुलगा दुरावला तर आईला रडता येतं. सून गेली म्हणून सासूने कुठे रडायचं, याची काही सोयच नाही.

म्हणून उद्या भिंगरीला स्टँडवर आणू नकोस, गर्दीत दमेल. तुझ्या आईलाही नको. तू एकटी ये. गाडी उशिरा आली तरी थांब. मला आधी तुला बघायचंय.